भाताचा शेंडा नको, बुंधा बघा

आजरा, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडचं भात आता पोटरीला आलंय, म्हणजे लोंबी अजून पोटात आहे. हस्ताचा पाऊस उघडला आणि उकाडा धरला, की तपकिरी तुडतुडा झपाट्यानं वाढतो. रविवारची वाट बघू नका, आजच वाफ्यात उतरा.

तुडतुड्यासारख्या सोंडेनं रस ओढणाऱ्या, ढेकणाच्या गणातल्या किडींच्या मागं माझी सारी नोकरी गेली. दरवर्षी तेच बघतोय. बांधावरनं पीक हिरवंगार दिसतं आणि आठवड्यात मधोमध गोल खळं करपतं. गेल्या आश्विनात आजऱ्यात घनसाळ भाताच्या वाफ्यात बसून चूड, म्हणजे भाताचं एक ठोंब, वाकवला, बुंध्यावर थाप मारली. पाण्यावर कोंडा सांडावा तशी कीड पडली आणि तिरकी चालत पुन्हा चुडावर चढली. मालक मात्र सांगत होते, "साहेब, पान तर स्वच्छ आहे." पान स्वच्छच असतं हो, कीड खाली असते!

वाफ्याच्या आतले 20 चूड असेच बघा. चुडाला 5 ते 10 तुडतुडे असले तरच फवारणी. माझा अनुभव वेगळं एक सांगतो: आखूड पंखांच्या, पोट फुगलेल्या माद्या दिसल्या की आकड्यासाठी थांबू नका, त्याच दिवशी वाफ्याचं पाणी तोडा. त्यांना उडता येत नाही, त्या तिथंच अंडी घालणार.

बुंध्याशी हिरवट, काळ्या डोक्याचा छोटा मिरीड ढेकूणही फिरतो. गण तोच, पण हा तुडतुड्याची अंडी शोषतो. दुकानदार तीन बाटल्यांचा जोड देईल, त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असेल तर घेऊ नका. आधी हा ढेकूण आणि तुडतुडे खाणारे कोळी मरतात, मग तुडतुडा दुपटीनं उसळतो. टॉनिकचे पैसेही वाचवा.

फवारायचं कीटकनाशक: बुप्रोफेझिन 25 एससी, 10 लिटरला 16 मिली, हेक्टरी 500 लिटर पाणी. नोझल बुंध्याकडं. पिल्लं कात टाकताना मरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा दुकान गाठू नका. काढणीला 20 दिवसांहून कमी राहिले असतील तर फवारू नका.

बाकीची कामं:
- युरिया बंद.
- पाणी 3-4 दिवस काढा, पण निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, जमिनीला भेगा नकोत.
- बांधावरचं गवत काढा.
- भेसळीची, दुसऱ्या वाणाची रोपं उपटा.

खळं पडलंच असेल तर करपलेल्या मध्यावर औषध घालवू नका. भोवतीच्या हिरव्या चुडांवर चार-पाच हात रुंद मारा, कीड तिकडं सरकलेली असते.