42 गिगाहर्ट्झचा गायरोट्रॉन: या चुका टाळा

गायरोट्रॉन म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून जबर शक्तीच्या सूक्ष्मलहरी काढणारी निर्वात नळी. उदाहरणाला 200 किलोवॅटची नळी घेऊ: 65 किलोव्होल्ट, 10 अँपिअरची इलेक्ट्रॉन शलाका, टीई-03 मोड (मोड म्हणजे कॅव्हिटीत, लहरी तयार होतात त्या पोकळीत, क्षेत्राची ठरावीक मांडणी).

पॉवर कमी आली की पहिला हात व्होल्टेजच्या नॉबवर जातो. आधी वारंवारता मोजा. ती 41.2 गिगाहर्ट्झच्या आसपास दिसली, तर नळी शेजारच्या टीई-23 मोडमध्ये जाऊन बसली आहे. दोघांत जेमतेम 2 टक्क्यांचं अंतर. व्होल्टेज वाढवलं की इलेक्ट्रॉन जड होतात, सायक्लोट्रॉन वारंवारता (चुंबकीय क्षेत्रात त्यांच्या गोल फिरण्याची) आणखी उतरते आणि नको त्या मोडलाच खतपाणी मिळतं. त्यापेक्षा कॅव्हिटीतलं चुंबकीय क्षेत्र, साधारण 1.6 टेस्ला, 0.2 टक्क्यांच्या पायऱ्यांनी वर घ्या. बॉडी करंटही (नळीच्या भिंतीवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह) चढत असेल तर शलाका मध्यावर नाही, चुंबक 0.1 मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकवून पाहा.

कॅव्हिटीची त्रिज्या 11.56 मिलिमीटर. 10 मायक्रॉन चुकले की वारंवारता 36 मेगाहर्ट्झ हलते. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या शेडमध्ये 42 अंशांना तांबं अचूक कातलं, तरी 20 अंशांच्या खोलीत त्रिज्या 4 मायक्रॉन कमी भरते. एवढ्याने नळी बंद पडत नाही, पण टेपरच्या (त्रिज्या हळूहळू बदलणाऱ्या उताराच्या) आणि लंबगोलाईच्या चुकीत ही भर कशाला? शेवटचा कट पहाटे घ्या, आणि मापाआधी तुकडा रात्रभर मापनाच्या खोलीत ठेवा.

सगळ्यात महाग चूक कलेक्टरची, म्हणजे काम झालेली शलाका जिथे जाऊन आदळते त्या भागाची. शलाकेच्या 650 किलोवॅटपैकी (65 × 10) 200 बाहेर जाणार, म्हणून 450 वर थंड पाण्याचा पंप निवडतात. दोलन तुटलं, म्हणजे लहरी निघणं थांबलं, की पूर्ण 650 किलोवॅट कलेक्टरवरच आदळतात. तापमानवाढ 20 अंशांत ठेवायची तर मिनिटाला सुमारे 465 लिटर पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात ते आत शिरतानाच कोमट असतं. बोअरचं पाणी तर नकोच. तोटीवर चढतो तोच पांढरा थर कलेक्टरच्या बारीक वाहिन्यांत बसतो, उष्णता अडते, तांबं जळतं. डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याचं बंद चक्र वेगळं ठेवा.

निर्वातात पितळी स्क्रू नको, जस्त उडतं. वीज जाऊन आली की कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचा) हीटर लगेच लावू नका: आधी निर्वात राखणारा आयन पंप, दाब उतरू द्या, मग टप्प्याटप्प्याने हीटर. घाई केली की उरलेल्या वायूंनी कॅथोड विषारतो, म्हणजे इलेक्ट्रॉन नीट सोडत नाही.

क्रोबारची, म्हणजे नळीत ठिणगी पडताच उच्च व्होल्टेजचा पुरवठा शॉर्ट करून तिला वाचवणाऱ्या यंत्रणेची, परीक्षा नळीवर घेऊ नका. नळीच्या जागी बारीक तांब्याची तार लावून शॉर्ट करा. 10 जूलपेक्षा कमी ऊर्जेत जळेल अशी तार निवडा. ती वितळली, तर नळी अजून जोडायची नाही.