ऊर्जा-मॉडेलमध्ये मजल्यांचा गुणक कसा वापरावा

सोलापुरात सात रस्त्याजवळ आठ मजली कार्यालयीन इमारत उभी राहणार आहे असे धरू. इमारतीचा ऊर्जावापर संगणकावर आजमावणाऱ्या एनर्जीप्लस या प्रणालीत तिचे सगळे मजले काढण्याऐवजी तळमजला, एक मधला मजला आणि सर्वांत वरचा मजला एवढेच काढावेत आणि मधल्या मजल्याच्या प्रत्येक झोनला, म्हणजे एकत्र मोजल्या जाणाऱ्या भागाला, ६ हा गुणक, म्हणजेच मल्टिप्लायर, द्यावा; म्हणजे तो एक मजला सहा मजल्यांसारखा मोजला जातो. इमारत तीन-चार मजल्यांचीच असेल तर हा खटाटोप करू नये.

वरचा मजला या गुणाकारात कधीही घेऊ नये. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत उन्हाचा सर्वाधिक मारा गच्चीवरच होतो आणि तो भार गुणला गेला तर वातानुकूलन यंत्रणेचा आकार विनाकारण फुगतो. तळमजला जमिनीला टेकलेला असल्याने तोही वेगळाच ठेवावा, आणि पहिल्या मजल्यावर बँक व वर कार्यालये असतील तर बँकेचा मजलाही स्वतंत्र काढून गुणक ५ करावा.

मधल्या मजल्याची जमीन व छत, तळमजल्याचे छत आणि वरच्या मजल्याची जमीन यांना अ‍ॅडियाबॅटिक, म्हणजे आरपार उष्णता न जाऊ देणारी, सीमा द्यावी, कारण आता मॉडेलमध्ये त्यांना चिकटून दुसरा मजला उरलेला नाही. वाऱ्याचा वेग आणि हवेचे तापमान उंचीनुसार बदलत असल्यामुळे हा मधला मजला मधल्या सहांच्या मध्यावर ठेवावा: मजल्याची उंची ३.२ मीटर असेल तर त्याची जमीन ११.२ मीटरवर येते. शेजारच्या बुटक्या इमारतीची सावली फक्त खालच्या मजल्यांवर पडत असेल, तर मधल्या मजल्यांचे दोन गट करणेच योग्य.

झोनचा भार गुणून मगच वातानुकूलन यंत्रणेकडे जातो. यंत्रणेचा आकार आपोआप ठरवताना एनर्जीप्लस गुणक स्वतः विचारात घेते. मात्र एसीची क्षमता हाताने भरायची असल्यास ती सहाही मजल्यांची मिळून भरावी. चूक सर्वाधिक इथेच होते.

शेवटी अहवालातील एकूण क्षेत्रफळ नकाशाशी ताडून पाहावे. दिव्यांच्या वापरासारखे झोननिहाय आकडे एकाच मजल्याचे असतात, मीटरचे, म्हणजे एनर्जीप्लसने दिलेल्या एकूण वापराचे, आकडे मात्र गुणलेले असतात. त्यामुळे वीजबिलाशी तुलना करताना मीटरचेच आकडे घ्यावेत.