नवा लाइनमन कॅम्पमध्ये ‘पडला’? निकाल देण्याआधी या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोसमाआधीच्या सराव-कॅम्पमधली एक क्लिप हमखास येते. सात-आठ सेकंदांची, कुणीतरी कुंपणापलीकडून काढलेली. एप्रिलमधल्या ड्राफ्टच्या (संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात त्या) पहिल्या राउंडमध्ये घेतलेला धिप्पाड टॅकल, म्हणजे लाइनच्या टोकाचा ब्लॉकर, पवित्रा घेऊन उभा, समोर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एखादा मुरलेला रशर. शिट्टी होते, रशर खांदा झुकवून बाहेरून वळसा घालतो, पोराचा हात हवेत राहतो आणि तो एका गुडघ्यावर येतो. खाली लगेच शेरे: ‘ड्राफ्टचा पिक वाया गेला’, ‘याला आत, गार्डच्या जागी हलवा’, ‘मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं’.

मीही असे शेरे मारलेत आणि नंतर गुपचूप डिलीट केलेत. गेली काही वर्षं जमेल तेव्हा लॅट्रोबला, म्हणजे एनएफएल या अमेरिकन लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सच्या कॅम्पला जातो. सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मैदानाशेजारी गवताच्या उतारावर बसायचं, टोपी डोळ्यांवर ओढायची आणि चेंडू सोडून लाइनकडे बघायचं. तिथे बसून माझ्या ज्या चुका माझ्याच लक्षात आल्या, त्या इथे लिहितोय. अर्थात हे अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे. मेस्सीच्या चाहत्यांनी रागावू नये.

लाइनमन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे पाच जण: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. लाइनमनची गोची अशी की त्याच्या नावापुढे आकडा लागत नाही. रिसीव्हरने किती झेल घेतले ते मोजता येतं. लाइनमनने 40 स्नॅप (म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव) चोख काम केलं तरी त्याचं नाव कुणी घेत नाही, एकेचाळिसाव्याला चुकला की सगळं मैदान त्याचा नंबर शोधतं. त्यात जुलैअखेरीस 90 च्या आसपास खेळाडू कॅम्पला येतात आणि ऑगस्टच्या शेवटी 53 उरतात. त्यामुळे प्रत्येकाला रोजचा निकाल हवा असतो.

वन-ऑन-वनमध्ये कोण जिंकलं ते मोजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, कारण बघायला सगळ्यात मजा याच ड्रिलमध्ये येते. एक रशर, एक ब्लॉकर, जणू आखाड्यात जोड लावली. पण ही जोड बरोबरीची नसते. खऱ्या सामन्यात टॅकलच्या आत गार्ड असतो, बाहेरून कधी टाइट एंड (टॅकलच्या बाहेर उभा राहून ब्लॉकही करणारा आणि झेलही घेणारा) धक्का देतो, आणि हा रनचा (चेंडू घेऊन धावायचा) डाव असेल की पासचा (फेकायचा), हे रशरला ठाऊक नसतं. इथे सगळ्यांना ठाऊक असतं की पासच आहे. दोन्हीकडे मोकळं रान आणि मदतीला कुणी नाही. ड्रिलच रशरच्या बाजूने कललेलं आहे. चांगले लाइनमनसुद्धा त्यात हरतात आणि प्रशिक्षकांना ते माहीत असतं.

मग बघायचं काय? क्वार्टरबॅकच्या जागी कुणीतरी उभं असतं किंवा खूण ठेवलेली असते, ती आधी शोधा. रशर टॅकलला वळसा घालून गेला, पण त्या खुणेच्या चार पावलं मागून गेला, तर टॅकलने काम केलं. क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकला असता आणि चेंडू सुटला असता. क्लिपमध्ये हेच ‘हरलेलं’ दिसतं. तो आतून कापला गेला असेल तर मात्र खरंच हरला, कारण क्वार्टरबॅककडे जायचा जवळचा रस्ता आतला. मुलाला घराचं दार सांभाळायला सांगितलं आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, तसलं.

दुसरं म्हणजे एकच फेरी बघून उठू नका. तोच पोरगा रांगेतून फिरून पुन्हा येतो. पहिल्या वेळी हात उशिरा निघाला, तर दुसऱ्या वेळी काय केलं? मधल्या वेळात प्रशिक्षकाने त्याच्या मनगटाला धरून काही दाखवलं का? ते पुढच्या फेरीत उतरलं का? माझ्या लेखी कॅम्पमधली प्रगती म्हणजे एवढंच: तीच चूक तीच राहते की नवी चूक होते. नवी चूक झाली की मला आनंद होतो.

पॅड चढण्याआधी मत बनवणं

पहिले काही दिवस खांद्याचे पॅड न घालता, हेल्मेट आणि चड्डीवर सराव असतो. खेळाडू संघटनेच्या करारामुळे पॅड घालून होणारे सरावही मोजकेच असतात. त्या सुरुवातीच्या दिवसांत पाय दिसतात, डोकं किती चालतं ते दिसतं. ताकद मात्र दिसत नाही. पॅडशिवाय सुंदर सरकणारा गडी पॅड चढल्यावर उलटा ढकलला जाऊ शकतो, आणि ज्याचे पाय लाकडी वाटले तो रनच्या डावात समोरच्याला तीन यार्ड मागे नेऊन सोडतो. पहिल्या आठवड्यातले ‘काय दिसतोय!’ छापाचे फोटो तर सोडूनच द्या.

सॅक झाली की जवळच्या गड्याला धरणं

सॅक म्हणजे चेंडू सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. तिचा दोष लावण्यात मी स्वतः सर्वांत जास्त वेळा तोंडघशी पडलोय.

समजा सेंटरने सगळ्या लाइनला डावीकडे सरकायला सांगितलं. मग उजव्या टोकाच्या रशरला धरायचं काम बऱ्याचदा रनिंग बॅकवर (एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्यावर) येतं. तो विसरला. रशर उजव्या टॅकलच्या शेजारून सुसाट गेला आणि बघणाऱ्याला वाटलं, टॅकल झोपला. तो झोपला नव्हता, त्याला दिलेली दिशा पाळत होता.

किंवा स्टंट घ्या. बाहेरचा रशर आत घुसतो, आतला बचावपटू त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन बाहेर येतो. गार्ड आणि टॅकलने इथे माणसं बदलून घ्यायची असतात. टॅकल आपल्या माणसाच्या मागे आत खेचला गेला तर बाहेरची वाट सताड उघडी. दोघांपैकी चुकलं कोण, हे उतारावरून सांगणं अवघड. त्यासाठी एक खूण सांगतो: स्नॅपनंतर लगेच दोघे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून होते का ते बघा. एक पुढे, एक मागे असेल तर अदलाबदल जमतच नाही. नव्या पोराचा दोष बहुतेक वेळा हाच असतो. तो एकट्याने लढायला जातो आणि शेजाऱ्याची पातळी सोडतो.

क्वार्टरबॅकही हिशेबात धरा. अडीच-तीन सेकंदांत चेंडू सुटायला हवा. तो चार सेकंद घुटमळला तर कुणाचाच ब्लॉक टिकत नाही.

बाजू बदललीय हे न बघणं

डाव्या टॅकलला उजवीकडे हलवलं, की लोकांना वाटतं काम तेच. पण पवित्रा उलटा होतो. डावीकडे डावा पाय मागे, उजवीकडे उजवा. जो पाय आयुष्यभर टेकून राहिला त्याने आता ढकलायचं, ज्या हाताने पहिला धक्का द्यायचा तोही बदलतो. उद्यापासून डाव्या हाताने वरण-भात कालवा, म्हणजे कळेल.

पेनेई सुएलला डेट्रॉइट लायन्सने 2021 मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजला तो डावीकडे खेळायचा, आणि 2020 चा मोसम तर खेळलाच नव्हता. कॅम्पमध्ये त्याला उजवीकडे उभं केलं आणि सरावाच्या सामन्यांत तो चाचपडला. तेव्हाच्या प्रतिक्रिया वाचल्या असतील तर आता हसू येईल. 2023 आणि 2024 ला तो उजव्या टॅकलच्या जागेवर पहिल्या फळीचा ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या मोसमातल्या सर्वोत्तम संघात निवडलेला, होता.

प्रीसीझनचं, म्हणजे मोसमाआधीच्या सराव सामन्यांचं, एक लगे हात: पोरगा कितव्या क्वार्टरमध्ये, कुणासमोर खेळतोय ते आधी बघा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोर उभे असलेले बरेच जण ऑगस्टअखेर कापले जाणार असतात. तिथे गाजवलेलं मैदान अर्ध्या भावाने मोजा. ‘अनधिकृत’ डेप्थ चार्टवर (कोण पहिल्या पसंतीचा, कोण राखीव, त्या यादीवर) तर मी आता चहा ठेवतो.

लक्षण आणि कारण यांत गल्लत करणं

मागे ढकलला जातोय, म्हणजे ताकद कमी, असं आपण पटकन म्हणतो. आधी कंबर बघा. कंबर वर, पाय जवळ आणि हात उशिरा, असं असेल तर ते तंत्र आहे, काही आठवड्यांत सुधारू शकतं. हात आधी छातीवर बसले, बूड खाली आहे, पाय रुंद आहेत आणि तरीही घसरतोय, तर मग ताकद. ती कॅम्पमध्ये येत नाही, त्याला पुढचा उन्हाळा लागतो.

आतून मार खातोय, म्हणजे मंद आहे, हेही तसंच. बऱ्याचदा उलट असतं. बाहेरच्या वेगाची धास्ती घेऊन तो गरजेपेक्षा जास्त बाहेर सरकतो आणि आतली वाट स्वतःच उघडतो. कारण भीती, म्हणून इलाज सोपा: एक-दोनदा बाहेरचा वेग नीट अडवला की पाय शांत होतात.

होल्डिंगचे (समोरच्याला हाताने धरून ठेवण्याच्या चुकीचे) पिवळे रुमाल पडतायत? दहा यार्ड गेले की आपण हातांना शिव्या देतो. पण बहुतेक वेळा पाय आधी उशिरा पोचलेले असतात, हात फक्त बुडत्याच्या काडीसारखे बाहेर जातात. फॉल्स स्टार्टचं, म्हणजे स्नॅपआधीच हलण्याचंही तेच. पाच यार्डांची ती चूक कधी गोंधळ असते, पण कधी समोरच्याचा वेग झेपत नाही म्हणून अर्धा क्षण चोरायचा प्रयत्न असतो. कुणासमोर होतेय ते टिपून ठेवा.

मला काळजी वाटते ती डोकं पायांच्या पुढे जातं तेव्हा. कंबरेत वाकून धडक मारायला जाणारा पोरगा कॉलेजात ताकदीवर निभावून गेलेला असतो. इथे समोरचा बाजूला होतो आणि हा गवत खातो. ही सवय सकाळी ताजेपणी दिसत नाही, सराव संपत आला की परत येते. म्हणून शेवटची वीस मिनिटं बघा. घरी जायच्या घाईत मी तीच चुकवायचो.

थकव्यावरून आठवलं. सावलीत बसलेल्या, बर्फाचा टॉवेल घेतलेल्या लाइनमनला ‘नाजूक’ म्हणू नका. 1 ऑगस्ट 2001 ला मिनेसोटा व्हायकिंग्सचा टॅकल कोरी स्ट्रिंगर कॅम्पमधल्या उष्माघाताने गेला. दीडशे किलोचं शरीर उन्हात कसं तापतं, हे त्यानंतर लीगने गांभीर्याने घेतलं.

एका कॅम्पवरून जन्मपत्रिका मांडणं

2020 च्या ड्राफ्टमध्ये चार टॅकल पहिल्या तेरात गेले. जायंट्सने चौथा अँड्र्यू थॉमस घेतला, ब्राऊन्सने दहावा जेड्रिक विल्स, जेट्सने अकरावा मेखाई बेक्टन, बकनिअर्सने तेरावा ट्रिस्टन वर्फ्स. वर्फ्स आल्या दिवसापासून उत्तम, त्याच मोसमात सुपर बोल (लीगची अंतिम लढत) जिंकला. कोविडमुळे त्या वर्षी कुणाच्याच वाट्याला प्रीसीझन आलं नाही. थॉमसचा तर पहिलाच सामना आमच्या स्टीलर्ससमोर आणि समोर टी. जे. वॉट या नावाजलेल्या रशरची फळी. त्या शरद ऋतूत चौघांत सर्वांत वाईट कोण, असं विचारलं असतं तर मी थॉमसचं नाव घेतलं असतं, आणि बेक्टन हा पुढचा राक्षस. 2022 ला थॉमस दुसऱ्या फळीचा ऑल-प्रो झाला. बेक्टन तोवर दुखापतींनी दोन मोसम जवळपास गमावून बसला होता. तोही 2024 ला ईगल्सकडे गार्ड म्हणून उभा राहिला आणि सुपर बोल जिंकला. विल्सचा करार संपला तेव्हा ब्राऊन्सने त्याला ठेवलं नाही.

संघही चुकतात. टॅकल गॅरेट बोल्सच्या होल्डिंगला कंटाळून डेन्व्हरने 2020 च्या मे महिन्यात त्याच्या करारातलं पाचव्या वर्षाचं कलम (करार एक वर्ष वाढवायचा पर्याय) नाकारलं. त्याच मोसमात तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या फळीत गेला आणि नवा करार घेऊन बसला.

याचा अर्थ ‘थांबा, सगळे सुधारतात’ असा काढू नका, ती उलटी चूक. ईगल्सचा टॅकल जॉर्डन मायलाटा याचं उदाहरण देऊन लोक कुठल्याही ढिसाळ टॅकलचं समर्थन करतात. मायलाटा ऑस्ट्रेलियातून रग्बी लीग खेळून आलेला, 2018 ला सातव्या राउंडमध्ये 233 वा. पहिली दोन वर्षं एकही सामना नाही. पण त्याने फुटबॉलचं हेल्मेटच नव्याने घातलं होतं. प्रत्येक महिन्यात शिकायला काहीतरी नवं होतं आणि शिकवायला जेफ स्टाउटलंडसारखा वस्ताद होता. चार वर्षं मोठ्या कॉलेजात खेळून आलेला गडी तिसऱ्या आठवड्यातही त्याच जागी तसाच वाकतोय, तर ती वेगळी गोष्ट आहे.

कोल्हापूरकरांना आवडेल असं एक नाव सांगतो, स्टीफन नील. 1999 चा फ्रीस्टाइल कुस्तीतला जगज्जेता. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही. 2001 च्या कॅम्पमध्ये पॅट्रिअट्सने त्याला घेऊन सोडलं, नंतर परत बोलावलं. पुढे तो त्यांचा गार्ड म्हणून वर्षानुवर्षं खेळला. त्या उन्हाळ्यात त्याला वन-ऑन-वनमध्ये बघून आपण काय लिहिलं असतं?

लॅट्रोबला जाणार असाल तर पॅड चढल्यानंतरचा दिवस निवडा, आणि जमलं तर दोन दिवस, मध्ये आठवडाभर जाऊ देऊन. जागा लाइनच्या बाजूला नको, टोकाला घ्या. तिथून पायांमधलं अंतर दिसतं. एकच नंबर धरा. स्नॅपनंतर चेंडू कुठे गेला हे शेजारच्याला विचारा.