जोजोबा: थंडीच्या तोंडावर पाणी हळूहळू कमी करा, फुलोऱ्यात नर-मादी ओळखून ठेवा

थंडीची चाहूल लागली की जोजोबाचे, म्हणजे बियांतील तेलासाठी लावल्या जाणाऱ्या या वाळवंटी झुडपाचे, पाणी एकदम न तोडता हळूहळू कमी करा. ताणावर आलेल्या झाडाची फूट थांबते, कोवळी फांदी जून होते आणि कडाका सोसते. उशिरापर्यंत पाणी दिलेल्या झाडाचे लुसलुशीत शेंडे मात्र एका रात्रीत करपतात. लहान रोपे झाकावीच लागतात.

हे झाड मूळचे सोनोरा वाळवंटाचे: अमेरिकेत ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्निया, मेक्सिकोत सोनोरा आणि बाहा कॅलिफोर्निया. शास्त्रीय नाव सिमंडसिया चायनेन्सिस असले तरी चीनमध्ये ते रानात कुठेच उगवत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ योहान लिंक यांनी १८२२ मध्ये ते चीनचे समजून बक्सस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घातले. सिमंडसिया ही स्वतंत्र प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांनी १८४४ मध्ये केली, पण आधीचे जातिनाव टिकवण्याच्या नियमामुळे चीन नावात राहिला. सिमंडसिएसी कुळात ही एकच प्रजाती आणि तिची एकच जाती आहे.

लागवडीची जागा ठरवताना ते नाव विसरा आणि सोनोरा डोळ्यांपुढे ठेवा. तिथे जोजोबा खडकाळ, मुरमाड उतारांवर वाढतो. पाणी धरणाऱ्या चिकण जमिनीत त्याची मुळे कुजतात. अशा जमिनीत लावूच नका. सखल जागाही टाळा, कारण रात्री थंड हवा तिथेच साचते. उलट, हिवाळा अगदीच उबदार असेल तर कळ्या सुप्त राहतात आणि फळधारणा घटते. झाड हिरवेगार दिसते, म्हणून हा तोटा लवकर लक्षात येत नाही.

नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून लावल्यास साधारण निम्मी नर निघतात आणि फुले येईपर्यंत, म्हणजे सहसा ३-४ वर्षे, काहीच कळत नाही. बी मादी झाडालाच धरते. त्या बियांत वजनाच्या सुमारे निम्मे द्रवरूप मेण असते, ज्याला आपण तेल म्हणतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नवी लागवड खात्रीच्या मादी झाडांच्या छाट कलमांचीच करा, सोबत १० टक्क्यांच्या आसपास नर ठेवा. परागण वाऱ्याने होते, तेव्हा नर सगळ्या रानात विखरून लावा.

जुन्या बियांच्या लागवडीत हिवाळा सरता सरता फेरी मारा. पिवळसर फुलांचे झुबके तो नर, पानाच्या बेचक्यात सहसा एकेकटे लोंबणारे हिरवट फूल ती मादी. खोडाला रंगाची खूण करा. जादा नर फुलोरा संपल्यावर काढता येतील.