भाषण करताना आणि प्रतिमा जपताना या चुका टाळा: मोठे नेते नेमके कुठे घसरले?

15 ऑक्टोबर 1992. अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये अध्यक्षपदाच्या तीन उमेदवारांची जाहीर चर्चा सुरू होती आणि प्रश्न विचारत होते समोर बसलेले साधे मतदार. एका तरुणीने विचारलं, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? ती बोलत असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. उत्तर देताना ते अडखळले आणि प्रश्न नीट कळला नाही असंही म्हणाले. बिल क्लिंटन यांची पाळी आली तेव्हा ते उठून तिच्या दिशेने चालत गेले आणि तिलाच विचारलं, तुझ्यावर काय परिणाम झाला ते मला पुन्हा सांग.

बुश यांना अर्थव्यवस्था कळत नव्हती असं मुळीच नाही. आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष आणि जवळजवळ चार वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेला तो माणूस होता. त्या क्षणी समोरच्या व्यक्तीवरचं त्यांचं लक्ष उडालं होतं, इतकंच. मोठ्या नेत्यांच्या गाजलेल्या फजित्या एकेक करून तपासल्या तर बहुतेकींच्या मुळाशी हेच सापडतं: वक्ता स्वतःत, स्वतःच्या पाठांतरात किंवा दिसण्यात गुंतलेला असतो आणि ऐकणाऱ्याचं भान सुटतं. म्हणून या चुका फक्त निवडणूक लढवणाऱ्यांच्या नाहीत. संस्थेच्या सभेत, ऑफिसच्या सादरीकरणात, निरोप समारंभात बोलणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला त्या येतात.

समोरच्या गर्दीपुरतं बोलणं

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिलेले हॉवर्ड डीन यांचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, कारण त्यात वक्त्याची दानत, विषय, उत्साह यांत काहीच खोट नव्हती. 19 जानेवारी 2004 च्या रात्री आयोवातल्या पक्षांतर्गत लढतीत ते तिसरे आले. कार्यकर्ते खचू नयेत म्हणून ते मंचावर गेले, पुढच्या राज्यांची नावं एकामागून एक घेत आवाज चढवत नेला आणि शेवटी एक आरोळी ठोकली. सभागृहात प्रचंड गलका होता. तिथे असलेल्यांना त्या आरोळीत काही विचित्र वाटलं नाही. पण त्यांच्या हातातला माईक फक्त तोंडाजवळचा आवाज पकडणारा होता, भोवतालचा कल्लोळ गाळून टाकणारा. टीव्हीवर पोहोचला तो शांततेत एकटाच किंचाळणारा माणूस. पुढचे कित्येक दिवस ती चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली गेली. डीन त्या आरोळीमुळे हरले असं सर्रास सांगितलं जातं, पण ते बरोबर नाही. आयोवातला पराभव आधीच झालेला होता. आरोळीने त्यांची सावरायची संधी घालवली.

आज प्रत्येक श्रोत्याच्या हातात कॅमेरा आहे, त्यामुळे हा धोका सगळ्यांनाच आहे. बोलण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: चित्रीकरण होणार आहे का, आणि आवाज कुठून घेतला जाणार आहे? चित्रीकरण होणार असेल तर आवाज चढवण्याऐवजी वेग कमी करा. माईक असताना ओरडण्याची गरज नसते. माईक हे काम करण्यासाठीच असतो.

याच्याही चार दशकं आधी, 26 सप्टेंबर 1960 रोजी शिकागोत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली. सुमारे 7 कोटी लोकांनी ती पाहिली. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आले होते, वजन घटलेलं होतं, आणि व्यावसायिक रंगभूषा त्यांनी नाकारली होती. करड्या पार्श्वभूमीवर त्यांचा करडा सूट मिसळून गेला, तर केनेडींचा गडद सूट उठून दिसला. एवढं सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र मागे राहते. निक्सन बऱ्याचदा केनेडींच्या मुद्द्यांना उत्तरं देत होते आणि केनेडी कॅमेऱ्यातून थेट प्रेक्षकांशी बोलत होते. पुढच्या चर्चांमध्ये निक्सन यांनी रंगभूषा केली, ते ताजेतवाने दिसले, पण पहिल्या चर्चेइतके प्रेक्षक पुन्हा आले नाहीत.

ऑनलाइन बैठकीत बोलणाऱ्यांकडून हीच चूक रोज होते. पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे बघत बोललं की समोरच्याला तुमची खाली झुकलेली नजर दिसते. महत्त्वाचं वाक्य बोलताना तरी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहा. मागच्या भिंतीच्या रंगाचे कपडे टाळा. आणि आजारपणातून उठल्या उठल्या महत्त्वाचं भाषण ठेवू नका, शक्य असेल तर तारीख पुढे ढकला.

पाठांतरावर विसंबणं

22 एप्रिल 1904 रोजी तरुण विन्स्टन चर्चिल ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण करत होते. बराच वेळ छान बोलल्यावर एका वाक्याच्या मध्यावर धागा तुटला. पुढचं काही आठवेना. ते शब्द चाचपडत राहिले आणि शेवटी खाली बसले. त्यानंतर ते टिपणं हातात घेतल्याशिवाय बोलायला उभे राहिले नाहीत. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या वक्त्यांपैकी एक माणूस आयुष्यभर कागद घेऊन उभा राहत होता, हे कागद न वापरण्यात भूषण मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी 2014 मध्ये नेमकं उलट केलं. मँचेस्टरला पक्षाच्या अधिवेशनात कागदाशिवाय तासाहून जास्त वेळ बोलून दाखवायचं ठरवलं आणि अर्थसंकल्पी तुटीबद्दलचा परिच्छेदच विसरले. लेखी मसुद्यात तो होता. अर्थव्यवस्था हा त्यांच्या पक्षाचा दुखरा भाग असताना नेमकं तेच गळल्यामुळे बाकीच्या भाषणाची चर्चाच झाली नाही.

पाठांतराची दुसरी बाजू अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले मार्को रुबिओ यांनी दाखवली. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यू हॅम्पशरच्या चर्चेत त्यांनी ओबामांबद्दलचं एक घोटवलेलं विधान जवळपास त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा म्हटलं. प्रतिस्पर्धी ख्रिस ख्रिस्ती यांनी तिथल्या तिथे बोट ठेवलं की बघा, हेच ते पाठ केलेलं वाक्य. आणि त्यावर उत्तर म्हणून रुबिओ यांच्या तोंडून पुन्हा तेच वाक्य आलं! काही दिवसांनी झालेल्या मतदानात ते पाचवे आले. दडपण आलं की मेंदू सगळ्यात घोटलेल्या वाक्याकडे धावतो. त्यामुळे वाक्य पाठ करू नका, मुद्दा पाठ करा, आणि तालमीत तो दर वेळी वेगळ्या शब्दांत मांडून बघा. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र शब्दशः ठरलेलं असावं.

कागदावर संपूर्ण भाषण लिहून नेलंत तर मान खाली जाते आणि काहीच नेलं नाही तर चर्चिल यांच्यासारखी वेळ येते. एका बाजूलाच लिहिलेलं, मोठ्या अक्षरातलं, प्रत्येक मुद्द्याला दोन-चार शब्द एवढंच असलेलं टिपण सगळ्यात सोयीचं. पानांवर क्रमांक घाला. पानं हातातून सुटली तर क्रमांकच उपयोगी पडतात.

आकडा आधी जाहीर करणं ही अशीच फसगत. नोव्हेंबर 2011 मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले रिक पेरी यांनी चर्चेत सांगितलं की निवडून आल्यावर तीन सरकारी खाती बंद करीन. दोन सांगितली, तिसरं काही केल्या आठवेना. ते खातं ऊर्जेचं होतं, आणि 2017 मध्ये पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले. ‘मला तीन मुद्दे मांडायचे आहेत’ असं म्हटलंत की श्रोते बोटं मोजू लागतात. ‘काही मुद्दे’ म्हणा.

लांबण

1988 च्या पक्ष अधिवेशनात क्लिंटन यांच्यावर अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून मायकेल डुकाकिस यांचं नाव सुचवण्याचं काम होतं. ते अर्ध्या तासाहून जास्त बोलत राहिले. समारोप करतो असं म्हणताच सभागृहात आनंदाने टाळ्या वाजल्या. रिचमंडमध्ये मतदाराजवळ चालत गेलेला हाच माणूस. दिलेल्या वेळेच्या तीन चतुर्थांशात संपेल इतकंच तयार करा. टाळ्या, अडथळे, उशिरा सुरू होणारा कार्यक्रम, उरलेला वेळ कशात तरी जातोच.

उसनी प्रतिमा

त्याच वर्षी डुकाकिस संरक्षणाच्या बाबतीत कणखर दिसावेत म्हणून त्यांना रणगाड्यात बसवलं गेलं. डोक्यावर मोठं हेल्मेट, चेहऱ्यावर हसू. विरोधकांनी तेच दृश्य घेऊन त्यांच्याविरुद्ध जाहिरात बनवली. डुकाकिस तरुणपणी स्वतः सैन्यात होते, कोरियात राहिले होते, तरीही ते चित्र खोटं वाटलं. कारण लोकांना माहीत असलेला डुकाकिस हा कागदपत्रांत रमणारा, मोजूनमापून बोलणारा राज्यपाल होता. जे खरं आहे तेही आपल्या नेहमीच्या रूपाशी जुळलं नाही तर सोंग दिसतं.

कपड्यांचंही तसंच. जानेवारी 2015 मध्ये ओबामांच्या भेटीत पंतप्रधान मोदींनी घातलेल्या सुटावर रेघांच्या जागी त्यांचंच नाव विणलेलं होतं. भेटीतल्या करारांपेक्षा सुटाची चर्चा जास्त झाली, विरोधकांना ‘सूट-बूट’ हा शब्द आयता मिळाला. पुढच्याच महिन्यात सुरतेत त्याचा लिलाव झाला आणि 4.31 कोटी रुपये आले. लोकांच्या लक्षात तुमचा पोशाख राहिला आणि बोलणं नाही, तर पोशाख चुकला असं समजावं.

याउलट 18 ऑक्टोबर 2019 ची साताऱ्याची सभा. धो धो पाऊस सुरू झाला आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरचे शरद पवार भिजत बोलत राहिले. छायाचित्र सगळीकडे पसरलं. पण त्या भाषणातला मजकूर बघा: लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी उघड कबुली त्यांनी तिथे दिली. पावसाचं दृश्य टिकलं, कारण त्याच्यामागे तेवढंच सरळ बोलणं होतं. असा प्रसंग ठरवून घडवता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणारा लगेच ओळखू येतो.

माईक बंद आहे असं समजणं

28 एप्रिल 2010 रोजी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन एका मतदार बाईंशी हसून बोलले आणि गाडीत बसल्यावर सहकाऱ्यांजवळ त्यांच्याबद्दल अपमानकारक बोलले. कोटाला लावलेला वाहिनीचा माईक चालूच होता. त्याच दिवशी रेडिओच्या स्टुडिओत त्यांना ते ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं तेव्हा त्यांनी कपाळ हातात धरलं. रेडिओ असला तरी तिथेही कॅमेरा होता, आणि ते दृश्यही देशभर गेलं. रोनाल्ड रीगन यांनी 1984 मध्ये रेडिओ भाषणाआधी आवाज तपासताना रशियावर बॉम्बफेकीचा विनोद केला होता, तोही बाहेर आलाच. कॉलरचा माईक स्वतःच्या हाताने काढून परत दिल्याशिवाय कुणाबद्दल काही बोलू नका. ऑनलाइन बैठकीत स्वतः बाहेर पडल्याशिवाय बैठक संपली असं धरू नका.

चूक होऊन गेली तर

घसा बसणं, मुद्दा विसरणं, दिवे जाणं यासाठी श्रोते कुणाला दोष देत नाहीत. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना ऑक्टोबर 2017 च्या पक्ष अधिवेशनात खोकल्याने बेजार केलं, कुणीतरी मंचापर्यंत घुसून त्यांच्या हातात बडतर्फीचा कागद दिला, मागच्या भिंतीवरची अक्षरं गळून पडली. तरी त्यांनी भाषण पूर्ण केलं. माझ्या मते त्यांनी एकच करायला हवं होतं: पहिल्या खोकल्याला पूर्ण थांबून, पाणी पिऊन, श्वास बसल्यावर पुन्हा सुरुवात. थांबणं वक्त्याला फार लांब वाटतं, श्रोत्याला नाही. वाजपेयींच्या भाषणात किती मोठे विराम असत, आणि त्या विरामांत सभा जास्तच कान देऊन ऐकत असे. मुद्दा विसरलात तर शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, टिपण बघा, पुढच्या मुद्द्यावर जा.

चुकीचं बोललं गेलं असेल तर गोष्ट वेगळी. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर आर. आर. पाटील मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात अशा अर्थाचं बोलून गेले. साधेपणासाठी ओळखला जाणारा, लोकांचा लाडका गृहमंत्री त्या एका वाक्यावरून काही दिवसांत पायउतार झाला. लोक दुःखात असताना त्यांच्या दुःखाचं माप काढणारं कुठलंही वाक्य, मोठं-छोटं, फार-थोडं, तोंडातून जाऊ देऊ नये. समोर शोकात असलेली माणसं असतील तर भाषण आधी दुसऱ्या कुणाला वाचायला द्या.

आणि माफी मागायची तर ती दुखावलेल्या माणसापर्यंत जाऊन मागा. ब्राऊन त्या बाईंच्या घरी गेले. एप्रिल 2013 मध्ये धरणाबद्दलच्या वक्तव्यावरून दुष्काळग्रस्तांचा संताप उसळल्यावर अजित पवारांनी माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ या शब्दांनी माफी सुरू करू नका. त्यातल्या ‘तर’ने दोष ऐकणाऱ्यावर जातो. काय बोललात ते सांगा, ते चूक होतं म्हणा, आणि तिथेच वाक्य संपवा.