गूळ विकायला उतरलो आणि स्पर्धकच चुकीचे धरले

स्वॉट (आपली ताकद, कमजोरी, संधी आणि धोके मांडणं) काय, कॉम्पिटिटर अ‍ॅनालिसिस (स्पर्धकांचा अभ्यास) काय, हे तुम्हाला माहीत असेलच. मी जिथं आपटलो तेवढंच नीट सांगतो, कारण त्यात माझे दोन सीझन गेले आणि अजून आठवलं की पोटात कालवतं.

बिनकेमिकलचा गूळ, एक किलोचं पाकीट, कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्याच गुऱ्हाळावरचा. स्पर्धक कोण, तर असंच पाकीट विकणारे बाकीचे सहाजण, असं धरून चाललो. त्यांचे रेट, पॅकिंग, इन्स्टाची पेजं सगळं एक्सेलमध्ये भरलं आणि दहा रुपये कमी लावले. त्यांनी पण कमी केले, मी परत केले, माल तेवढाच खपला आणि मार्जिन गेलं.

मग कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत ओळखीच्या दुकानात दोन दिवस नुसता गल्ल्याशेजारी बसलो. एक काकू आल्या, माझं पाकीट उलटंपालटं करून म्हणाल्या, "हा काळा का ओ? जुना हाय काय?" आणि रव्यातला, म्हणजे सुट्ट्या ढेपेतला पिवळाधमक अर्धा किलो फोडून घेऊन गेल्या. त्या सहाजणांचं नाव दोन दिवसांत कुणीच काढलं नाही! माझी खरी चढाओढ सुट्ट्या पिवळ्या गुळाशी होती, साखरेशी होती. हायड्रोस, म्हणजे गूळ पिवळा दिसायला घालतात ते केमिकल, न घातलेला गूळ काळपटच दिसतो, पण पाकिटावर त्याची एक ओळ नव्हती. वर दुकानदाराला सुटा गूळ उधारीवर मिळायचा, मी रोख मागत होतो.

हार्वर्डचा मॅनेजमेंटवाला प्राध्यापक मायकेल पोर्टर, त्यानं 1979 मध्येच मांडलंय की समोरचे स्पर्धक ही धंद्यावर दाब टाकणाऱ्या पाचातली एकच ताकद, बाकी नवीन येणारे, पर्यायी माल, गिऱ्हाईक आणि पुरवठादार. पुरवठादाराचं म्हणाल तर कारखान्यानं दर चांगला दिला की ऊस तिकडं जातो, गुऱ्हाळवाला रेट चढवतो आणि आपल्याला गप्प घ्यावा लागतो.

तयार टेम्प्लेट विकणाऱ्या कोर्सवाल्यांना पैसे देऊ नका, स्पष्ट सांगतो. मी दिलेत. त्यापेक्षा शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला (लिलावाला) जाऊन उभं राहा, एखाद्या जुन्या अडत्याला चहा पाजा, तो तासाभरात जास्त शिकवेल. आणि घाबरू नका, एमबीए लागत नाही, एक वही पुरते. तुमचा माल खाली ठेवून गिऱ्हाईक काय उचलतं तेवढं लिहीत जा, दोन-तीन दिवसांत चित्र दिसायला लागतं.

आता माझ्या पाकिटावर पहिलीच ओळ रंगाची आहे, आणि त्या दुकानाला पंधरा दिवसांची उधारी.