गाडीची काच फोडून बॅग नेली? क्लेम करताना या चुका टाळा

लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर गाड्यांची रांग लागलेली. जेवण उरकून, विडा चघळत आमचे एक पाहुणे गाडीपाशी आले, तर मागच्या दाराची काच फुटलेली, सीटवर खडीसाखरेसारखे तुकडे आणि लॅपटॉपची बॅग गायब. त्यांचं पहिलं वाक्य, "जाऊ दे, फुल इन्शुरन्स आहे."

हा "फुल" शब्द शोरूममधला. पॉलिसीच्या कागदावर तो कुठेच सापडत नाही. तिथे पॅकेज किंवा काँप्रिहेन्सिव्ह असतं आणि ते गाडीपुरतं असतं. फुटलेली काच, उचकटलेलं लॉक, गाडीसोबत आलेला स्टिरिओ त्यात बसतो. बाहेरून बसवलेला स्टिरिओ पॉलिसीत वेगळा लिहून घेतला असेल तरच. बॅग, मोबाइल, कॅमेरा, साड्या यांतलं काही नाही. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी असेल तर काचेचेही पैसे विसरा. घराच्या विम्याची आशा धरणारेही भेटतात, पण त्यात घरातलं सामान धरलेलं असतं, रस्त्यावरच्या गाडीतलं नाही.

सामानासाठी "लॉस ऑफ पर्सनल बिलाँगिंग्ज" हे अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून मिळणारं संरक्षण, घ्यावं लागतं. किती रकमेपर्यंत भरपाई, हे पॉलिसीत छापलेलं असतं. रोकड, दागिने, चेक, कार्डं त्यातूनही सहसा वगळलेली असतात. म्हणजे डिकीत ठेवलेला दागिन्यांचा डबा गेला, तर हे अ‍ॅड-ऑन असून नसल्यासारखं.

पण अ‍ॅड-ऑन असूनही क्लेम अडकतात, ते बहुतेक पोलीस ठाण्यातल्या कागदामुळे. टेबलामागून सुचवलं जातं, "गहाळ झाल्याची नोंद करा ना, लगेच दाखला मिळेल." माणूस दमलेला असतो, हो म्हणतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गहाळ म्हणजे तुम्ही हरवलंत. विमा कंपनीला चोरी हवी असते, तीही बंद गाडी फोडून केलेली. ऑनलाइन "लॉस्ट अँड फाउंड"वर भरलेली नोंदही याच कारणाने चालत नाही. फिर्यादीत "गाडी लॉक होती, मागील डाव्या दाराची काच फोडून" असे शब्द आलेच पाहिजेत आणि पंचनाम्यातही फुटलेली काच दिसली पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी फिर्याद घेता येते. ऑनलाइन माहिती दिलीत, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. एक अडचण मात्र खरी आहे. गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल, तर नव्या कायद्यात ती चोरी अदखलपात्र धरली जाऊ शकते आणि हातात एनसी येते, म्हणजे एफआयआरऐवजी नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. म्हणून यादी करताना चार्जर, चष्मा, बॅग सुद्धा खऱ्या किमतीनिशी लिहा. वाढवून मात्र नको, बिलं मागतातच. घरी आल्यावर एखादी वस्तू आठवली, तर पुरवणी जबाब देता येतो. मोबाइलचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर खोक्यावर सापडतो. चोरीला गेलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करायलाही पोलिसांचा हाच कागद लागतो.

"साहेब, ऑइल गळतंय" हा प्रकार आठवा. तुम्ही उतरून बॉनेट उघडता, तेवढ्यात शेजारच्या सीटवरची बॅग जाते. इथे दार उघडंच होतं, काही फोडलेलं नाही. अशा वेळी अ‍ॅड-ऑनचा क्लेमही बहुधा नाकारला जातो. किल्ली काढा, दार लॉक करा, मग बघा ऑइल.

पाहुण्यांनी पुढची चूक सकाळी केली. ओळखीच्या गॅरेजमध्ये नवी काच टाकून घेतली, वर व्हॅक्यूमही मारून घेतला. विमा कंपनीतर्फे नुकसान पाहणारा सर्व्हेअर आला तेव्हा गाडी चकाचक! त्याने पाहायचं तरी काय? तुकडे तसेच असताना, नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, मग हात लावा. पावसात गाडी उघडी ठेवता येत नसेल, तर प्लॅस्टिक चिकटवा.

मुळात फक्त काचेसाठी क्लेम करायचा का, हा हिशेब आधी करा. काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही, हे खरं. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला साधारण १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. काच ३,००० ची धरली, तर हातात २,००० येतील. तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के आणि गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० असेल, तर पुढच्या वर्षी ६,००० जास्त जातील, कारण बोनस शून्यावर येतो. बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी.

उशीर झाला म्हणून नाकारलं, तर लगेच हार मानू नका. गाडीचोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे की फिर्याद ताबडतोब दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

पाहुण्यांचं पुढे काय झालं? लॅपटॉप त्यांच्या ऑफिसचा होता. ऑफिसने लॅपटॉपचा वेगळा विमा काढलेला होता, पण बोलणी खावी लागतील म्हणून यांनी आठ दिवस तिथे सांगितलंच नव्हतं. आणि त्याच बॅगेत घराची किल्ली आणि पत्ता छापलेली आरसी होती, हे त्यांच्या घरच्या काकूंच्या लक्षात आलं रात्री अकरा वाजता. कुलूपवाल्याला झोपेतून उठवून आणावं लागलं.